भाऊजींचा धुतलेला कोट

माझ्या भाऊजींनी सव्वीस वर्षं अस्वलं-लांडगे सांभाळले आणि अंगावर एक ओरखडा उठू दिला नाही. त्यांचा पाय मोडला तो स्वतःच्या न्हाणीघरात, साबणाच्या फेसावरून घसरून. लोकांना वाटतं मी हे रंगवून सांगतो. पण त्या दिवशी त्यांना उचलून तीन जिने उतरवणारा मीच होतो आणि माझी कंबर अजून साक्ष द्यायला तयार आहे.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. वन्यप्राणी उद्यानात नोकरीला. सुरुवातीला त्यांच्याकडे अस्वल होतं, मग कोल्हे, मग एक तरस (तरसाबद्दल वाईट बोललेलं त्यांना आजही खपत नाही), आणि शेवटी लांडगे मिळाले ते कायमचेच. आमच्या इमारतीत त्यांना सगळे ‘लांडगेवाले’ म्हणतात. माणूस तसा साधा. फक्त शेजारी जेवायला बसला की तुमचा दुसरा घास तोंडाशी जाईपर्यंत लांडग्यांच्या पोटातल्या जंतांचा विषय काढणार. मी दोनदा अर्ध्या जेवणातून उठलोय.

त्या घरातल्या सगळ्या भांडणांचं मूळ होतं त्यांचा कामावरचा खाकी कोट. हा कोट धुवायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. लांडगा माणूस ओळखतो तो वासावरून, त्यामुळे कोटाला साबण लागला की आपण त्याला परके, असं त्यांचं म्हणणं. कोट बाल्कनीत टांगलेला असायचा. मी खालच्या मजल्यावर राहतो. वारा पडला की वास खाली उतरायचा, मग मी खिडक्या लावून घ्यायचो. ताईला ती सोय नव्हती.

कळपात एक म्हातारी मादी होती, तिला सगळे आजीबाई म्हणायचे. तिची आई तिला जन्म देऊन मेली, तेव्हा भाऊजी दोन महिने उद्यानाच्या ऑफिसातच मुक्कामाला होते, बाटलीने दूध पाजत. ताई हे कधी विसरली नाही. “माझी दोन बाळंतपणं झाली, एका दिवसाची रजा काढली नाही. हिच्यासाठी दोन महिने,” हे मी किमान शंभरदा ऐकलंय. आता आजीबाई तेरा वर्षांची, हृदय थकलेलं. सकाळ-संध्याकाळ खिम्याच्या मुटक्यात लपवून तिला औषध द्यावं लागे, आणि ते ती फक्त भाऊजींकडून घ्यायची. जाळीतून आधी त्यांचा हात हुंगायची, मग बाही कोपरापर्यंत, आणि खात्री पटली की मगच तोंड उघडायची.

तर झालं असं, की समोरच्या ब्लॉकमध्ये एक नवीन बाई राहायला आल्या. ओळख करून घ्यायला ताईकडे आल्या, खुर्चीत टेकल्या, इकडेतिकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “तुमच्याकडे उंदीर वगैरे मेलाय का हो?” ताईच्या डोक्यात तिडीक गेली. बाई गेल्या गेल्या तिने कोट काढला, गुलाबाच्या वासाची पावडर ओतली आणि दोनदा धुतला. तिसऱ्यांदा भिजत घातला होता, तेवढ्यात भाऊजी हातपाय धुवायला आत शिरले. बादलीत काय भिजतंय हे बघायची संधी त्यांना मिळालीच नाही.

हॉस्पिटलमध्ये पायात सळई घातली. दोन आठवडे खाटेवरून उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. शुद्धीवर आल्यावर भाऊजींचं पहिलं वाक्य होतं, “आजीबाईला औषध कोण देणार?” ताई उशाशीच उभी होती. तिने पाण्याचा ग्लास जरा जोरात ठेवला.

दोन दिवस बदलीवरच्या कीपरने प्रयत्न केले. चांगली हुशार मुलगी, पण आजीबाई तिच्याकडे पाठ करून बसायची. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन द्यायचं तर बेशुद्ध करावं लागेल, आणि या वयात ती त्यातून उठेलच असं नाही. औषधाविना आणखी फार तर दोन-तीन दिवस. हे कळल्यावर भाऊजी सलाइनची सुई उपटून खाली उतरायला निघाले. सिस्टरने आणि मी मिळून त्यांना दाबून धरलं. तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तुझा बांधा माझ्यासारखाच आहे,” ते म्हणाले. “माझा कोट घालून जा.”

मांजर अंगावर आलं तरी खुर्चीवर चढणारा माणूस मी. पण कोट धुतलाय हे सांगायची ताईची छाती होईना आणि माझीही होईना, तेव्हा जाणं भाग होतं. आजीबाई जाळीपाशी आली. हात हुंगला, बाही हुंगली आणि सलग तीन शिंका दिल्या. मग माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली, आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी वॉर्डमधून फोनवरच लांडग्यासारखा लांब गळा काढला. इकडे कीपरने फोन जाळीला लावला होता. सगळा कळप त्यांना साथ द्यायला लागला. तिकडे शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले, सिस्टर धावत आल्या आणि वेदना सहन होत नाहीत असं समजून त्यांनी भाऊजींना झोपेचं इंजेक्शन दिलं. आजीबाई मात्र उठली, भाऊजी ज्या फाटकातून यायचे तिथे हळूहळू चालत गेली आणि वाट बघत बसली. मुटक्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही. लांडग्यांशी माझं काही देणंघेणं नाही, पण ते मला बघवलं नाही.

संध्याकाळी ताईला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती.

“ती गेली तर ते मला एका शब्दाने बोलणार नाहीत,” ती म्हणाली. “त्याचीच भीती वाटते.”

सकाळी ती माझ्या दारात तयार होऊन उभी. सव्वीस वर्षांत तिने त्या उद्यानात पाऊल टाकलं नव्हतं.

“कोट घेतेस?” मी विचारलं.

“जाळ तो.”

जाळीपाशी गेल्यावर तिने आधी आजीबाईला चांगलं फैलावर घेतलं. “हे बघ, मला तुझी हौस नाही. पण तू खात नाहीस म्हणून तिकडे ते जेवत नाहीयेत. दोघांची नाटकं मी एकटीने किती सोसायची?” आणि मुटका धरलेला हात जाळीला लावला.

आजीबाई उठली. यायला तिला बराच वेळ लागला. तिने ताईची बोटं हुंगली, मनगट हुंगलं, मग जाळीला नाक घासत कोपरापर्यंत गेली. थांबली. पुन्हा पहिल्यापासून सगळं हुंगलं. मग अगदी जपून मुटका उचलला, औषधासकट गिळला आणि ताईच्या गुडघ्यापाशी जाळीला अंग टेकून बसली.

“असं ती फक्त त्यांच्यापाशी बसते,” कीपर म्हणाली.

“मी सकाळी साबण लावून आंघोळ केलीय,” ताई आम्हा दोघांना दरडावून म्हणाली.

“साबणाने काय होतंय, काकू? एका घरात राहता तुम्ही.”

ताई लाजली. आमची ताई लाजताना मी तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होतो.

तिथून आम्ही थेट हॉस्पिटलात गेलो. औषध पोटात गेलं हे ऐकल्यावर भाऊजींनी डोळे मिटले. मग विचारलं, “काय घालून गेली होतीस?”

“काही नाही. घरातून उठून गेले तशीच,” ताई म्हणाली. “कोट मी धुतलाय. तुम्ही पडलात तो त्याच्याच फेसावर.”

मी खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघायला लागलो. थोड्या वेळाने चोरून वळून पाहिलं, तर भाऊजींनी ताईचा हात नाकाशी धरला होता. आधी बोटं हुंगली, मग मनगट, मग कोपरापर्यंत.

“साबण जरा कमी लाव,” ते म्हणाले. “अजून आठ-दहा दिवस जायचंय तुला.”

“मग लवकर घरी या,” ताई म्हणाली. “इतके दिवस तुमचा वास माझ्या अंगाला कसा टिकायचा?”