खंडेनवमीचा रंग

आमच्या ह्यांची खुर्ची बॅटरीवर चालते. तिला खुर्ची म्हटलेलं त्यांना खपत नाही, ते 'गाडी' म्हणतात. "गाडी काढतो गं," असं म्हणून सकाळी घरातून निघतात आणि भोसरीच्या गल्लीतून हॉर्न वाजवत वर्कशॉपला जातात. हॉर्न मूळचा नाही. तो वर्कशॉपातल्या मंडळींनी बसवून दिला, आणि गल्लीतल्या झोपलेल्या कुत्र्यांचा त्याच्यावर फार राग आहे.

चाकण रोडला एका ट्रेलरने ह्यांच्या मोटरसायकलला उडवलं, तेव्हापासून कमरेखाली काहीच जाणवत नाही. सुरुवातीची काही वर्षं साधी खुर्ची होती आणि ती मी ढकलायचे. तो काळ आठवला की अजूनही माझं डोकं फिरतं. दवाखान्यात, बँकेत, लग्नकार्यात, जो तो माझ्याशी बोलायचा. "ह्यांना चहा चालतो का?" "ह्यांना कळतं ना सगळं?" समोर धडधाकट कानांचा माणूस बसलाय, ज्याने उभं आयुष्य फॅब्रिकेशनमध्ये घालवलं, आणि विचारायचं कुणाला, तर मागे उभ्या असलेल्या बाईला! मुलीच्या शाळेच्या बक्षीस समारंभात तर एका बाईंनी मला विचारलं, "ह्यांना इथे दाराशीच ठेवू या का?" ठेवू या म्हणे. मुलगी शेजारीच उभी होती. तिने ऐकलं, ह्यांनीही ऐकलं. घरी आल्यावर तिघंही जेवलो नाही.

पुढे वर्कशॉपच्या शेठनी आणि सगळ्यांनी मिळून ही बॅटरीची गाडी आणली आणि ह्यांना तपासणीच्या कामावर बसवलं. तयार झालेला माल मापात उतरलाय की नाही, ते बघायचं. त्या दिवसापासून लोक ह्यांच्याशी बोलायला लागले. एवढं साधं होतं ते. मागे कुणी उभं नसलं की समोरच्याला दुसरा इलाजच राहत नाही.

आता आमच्या वर्कशॉपवाल्यांची एक खोड सांगायला हवी. बाजारातून आणलेली वस्तू जशीच्या तशी वापरायची म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. खड्ड्यांमुळे बॅटरीचा डबा खडखडायला लागला, तर त्यांनी तो सरळ सांगाड्याला वेल्डिंगचे टाके मारून पक्का केला. "वहिनी, आता खडखड बंद. आन् चोराच्या बापालाबी निघायचा न्हाई," असं वेल्डर मला कौतुकाने सांगत होता. आणि दर खंडेनवमीला वर्कशॉपातलं एकूण एक यंत्र धुतात, रंगवतात, झेंडूचे हार घालून पुजतात. त्यात ह्यांची गाडीही असते. लेथला जो करडा रंग, तोच गाडीला. पहिल्या वर्षी ती रंगून घरी आली तेव्हा मी म्हटलं, "अहो, तुम्हालाही एक हात मारून घ्यायचा होता!" हे इतके हसले, इतके हसले. गाडीला कुंकू लागलं होतं, हँडलला झेंडू होता, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर नवरदेवाचा तोरा होता.

मुलगी गुवाहाटीला शिकायला होती. तिच्या पदवीदानाची तारीख ठरली आणि तिचा फोन आला. "पप्पा, हॉलला रॅम्प आहे. मी स्वतः चालून बघितलाय. तुम्ही पार पुढच्या रांगेपर्यंत गाडी आणू शकता." हे एवढंच म्हणाले, "ह्या वेळी मी माझा मी येणार." त्या दोघांना एकमेकांचं काय कळलं, ते मलाही कळलं. शाळेचं ते दार आम्ही तिघंही विसरलो नव्हतो.

विमान आम्हा दोघांच्याही आयुष्यात पहिलंच. मी विमान कंपनीला फोन करून विचारलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, बॅटरीची व्हीलचेअर चालेल, फक्त बॅटरी काढता आली पाहिजे आणि तिची क्षमता तिच्यावर लिहिलेली पाहिजे. मी फोनवर हात ठेवून ह्यांना विचारलं. "निघते की बॅटरी, नवीन आणली तेव्हा निघतच होती. आणि लिहिलेलं आहे सगळं, स्टिकर आहे," हे छातीठोक म्हणाले. खोटं ते बोलत नव्हते. स्टिकर होतं, आणि बॅटरीही मूळची निघणारीच होती. मधल्या काळात तिला काय काय झालं ते आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

धाकट्या दिरांनी त्यांच्या टेम्पोतून गाडीसकट आम्हाला विमानतळावर सोडलं. ह्यांनी नवा शर्ट घातला होता. काउंटरपर्यंत स्वतः गाडी चालवत गेले, आणि तिथल्या तरुण अधिकाऱ्याने ह्यांच्याकडे बघून विचारलं, "सर, बॅटरी काढून दाखवता का?"

हे वाकले. मग मीही वाकले. आणि करड्या रंगाखालचे ते वेल्डिंगचे टाके दिसल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"सर, निदान लेबल दाखवा. मी वरिष्ठांशी बोलून बघतो," तो म्हणाला. लेबल डब्यावर होतं, फक्त त्याच्यावर खंडेनवम्यांचे थर होते. ह्यांनी माझ्याकडून घराची किल्ली मागितली आणि खरवडायला सुरुवात केली. मागे रांग थांबलेली. लोक बघत होते. करडा चुरा नव्या शर्टाच्या बाहीवर पडत होता. हळूहळू स्टिकरचा पांढरा कोपरा दिसला, मला हायसं वाटलं, पण पुढच्याच खरवडीला रंगाबरोबर छापलेली अक्षरंही सुटून आली. हे थांबले. अगदी हळू, नखाने करून पाहिलं. तरी तेच. रंग आणि अक्षरं एकजीव झाली होती. शेवटी उरला तो नुसता पांढरा कागद.

मी बाहेर थांबलेल्या दिरांना फोन लावला. "वहिनी, हेक्सॉ आहे टेम्पोत, आणून देऊ का?" ते म्हणाले. विमानतळात करवत! एरवी मी आठवडाभर हसले असते. तेव्हा मला रडू आलं.

त्या अधिकाऱ्याने सगळं केलं. वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी आणखी कुणाला फोन केला. हवेत बॅटरीने पेट घेतला तर काय होतं, ते त्यांनी शांतपणे समजावलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि हेच मला सोसत नव्हतं. मला भांडायचं होतं, पण कुणाशी? ह्या लोकांशी? वेल्डरशी, ज्याने जीव ओतून टाके मारले? झेंडूच्या हाराशी?

"आमची व्हीलचेअर देतो ना, सर. तिकडे पोचल्यावरही मिळेल," असं म्हणून त्यांनी एक खुर्ची आणली. हे तिच्या चाकांकडे बघत राहिले. लहान चाकं, हाताने फिरवायची कडीच नाही. कुणी ढकलल्याशिवाय ती इंचभर हलणार नव्हती.

"नको," हे म्हणाले.

तेव्हा तो अधिकारी, इतका वेळ ह्यांच्याशी बोलणारा, माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही सरांना जरा समजवा ना."

ह्यांनी मान खाली घातली. ती मान मी ओळखत होते. कितीतरी वर्षं दिसली नव्हती.

"तू जा," हे म्हणाले. मी म्हटलं, मीसुद्धा जात नाही. "वेड्यासारखं करू नकोस. पोरगी दाराकडे बघत बसेल. तू तरी जा." मी रागावले, विनवलं, सगळ्यांसमोर हात जोडले. "अहो, मी ढकलते ना, मी कुणी परकी आहे का?" ह्यांनी माझा हात थोपटला. "तिने एकदा बघितलंय ते. पुन्हा नको."

एका शिपायाबरोबर हे बाहेरच्या दाराकडे निघाले, स्वतः गाडी चालवत. दाराशी गर्दी होती, तिथे त्यांनी हॉर्न वाजवला. लोक बाजूला झाले. मागे वळून बघितलं नाही. मी बोर्डिंग पास हातात धरून तिथेच उभी राहिले, आणि मग माझं नाव पुकारलं म्हणून आत गेले.

मुलीला मी फोनवर सांगितलं होतं. ती "बरं" म्हणाली. समारंभाच्या दिवशी तिने मला हॉलच्या दाराशी सोडलं, कारण तिला रांगेत उभं राहायचं होतं. मी एकटीच रॅम्पवरून चढून पहिल्या रांगेत गेले. माझ्या खुर्चीशेजारची खुर्ची काढून ठेवलेली होती. तेवढ्या जागेत ह्यांची गाडी बरोबर बसली असती. तिने मापाने करून घेतलं होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, बॅग ठेवा ना इथे. मी बॅग मांडीवरच धरली.

तिचं नाव पुकारलं. ती वर आली, पदवी घेतली, आणि सगळी मुलं आपापल्या माणसांकडे बघून हसतात तशी हसायला वळली. तिची नजर माझ्यावर आली नाही. ती माझ्या शेजारच्या रिकाम्या फरशीवर गेली, आणि तिथेच थांबली.