जावयापुढे उघडलेला कॉम्प्युटर

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. पासवर्ड कुणाला सांगू नका, स्क्रीन उघडी टाकून उठू नका, हे पोरांना इतक्या वेळा सांगितलंय की माझी पाठ फिरली की ती माझी नक्कल करतात. इस्लामपूरच्या आमच्या घरातल्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस होता आणि वायफायचा पासवर्ड मी सारखा बदलायचो. गल्लीत त्यावरून माझी थट्टा व्हायची आणि मला ती आवडायची. शहाणपणाचा माज, दुसरं काय!

त्या वर्षी ताई पंचमीला माहेरी आली तेव्हा तिच्या दंडावर वळ होते. पहिल्यांदा नव्हे. पण या वेळी ती रडत बसली नाही, माझ्या कॉम्प्युटरसमोर बसली. दाजींनी कधी, कशानं मारलं, ते तिनं तीन दिवस एका बोटानं टाइप केलं. वळांचे फोटो मी काढले. साताऱ्यातल्या एका दवाखान्यात तिला काम मिळालं होतं, राहायची सोयही होती. त्या कामाचं पत्रही त्याच फोल्डरमध्ये ठेवलं. कुंडलला सासरी जाऊन आपली कागदपत्रं घ्यायची आणि आठवड्याभरात परस्पर सातारा गाठायचा, असं तिनं ठरवलं होतं. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"ह्यात ठेवलं तर कुणाला दिसायचं न्हाई न्हवं?" तिनं विचारलं.

"माझ्याबिगर कुणाचा बाप उघडत न्हाई," मी म्हणालो. आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवू म्हटलं, तर ती घाबरली. नको म्हणाली.

चौथ्या दिवशी दाजी तिला न्यायला आले. ताई स्वयंपाकघरात होती. "पाव्हणं, जरा सातबारा काढून बघायचा हुता," असं म्हणत ते खुर्चीत बसलेसुद्धा. मी काढून देतो म्हणालो, ते हलेनात. पासवर्डची चौकट आली आणि मी घुटमळलो. आई दारातून बोलली, "आरं, जावयाम्होरं कुलपं कसली लावतुस? दे की उघडून. आन जा, बासुंदी घिऊन ये."

आमच्याकडे जावयाला नाही म्हणत नाहीत. पहिलं ताट त्याचं, आणि घरात त्याला बंद असं काही नसतं. मी पासवर्ड टाकला आणि पिशवी घेऊन बाहेर पडलो. नुकत्याच उघडलेल्या फाइलींची यादी कॉम्प्युटर आपणहून समोर मांडतो, हे मी पोरांना परीक्षेत विचारतो. त्या यादीत सगळ्यात वर ताईचं लिखाण होतं.

परत आलो तेव्हा दाजी हसत हात धूत होते. त्यांनी दोनदा बासुंदी मागून घेतली आणि ताईला घेऊन गेले. तासाभरानं मी कॉम्प्युटर उघडला. तिचा फोल्डर नव्हता. पुसलेल्या फाइली जिथे साठतात तीही जागा रिकामी होती. तिचा फोन बंद लागत होता. दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, त्या येणार नाहीत, त्यांच्या मिस्टरांनी कळवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंडलला गेलो. ताईचा ओठ सुजला होता.

"त्यांनी पासवर्ड फोडला व्हय रं?" तिनं हळूच विचारलं.

व्हय म्हणालो असतो तर तिनं विश्वास ठेवला असता. जीभ तशी वळलीही होती. "न्हाई," मी म्हणालो. "मीच उघडून दिला."

चल माझ्याबरोबर, आत्ताच्या आत्ता चल, असं मी दोनदा म्हणालो. ती उठली नाही. तेवढ्यात दाजी आत आले, आणि "च्या घिऊन जा," असं ती परक्या माणसाला म्हणावं तसं मला म्हणाली.

दिवाळीच्या तोंडावर दाजींचा फोन आला. "ही तिकडं आलीय का?" नाही म्हटलं तरी ते येऊन घर धुंडाळून गेले. ते गेल्यावर आई माझा हात धरून रडायला लागली. "तुला सांगून गेली आसंल रं. तुला समदं सांगती ती."

दीड वर्ष झालं. ती कुठे आहे, कशी आहे, मला माहीत नाही. तिनं मला सांगितलं नाही, आणि तिनं बरोबरच केलं.