मालिनीची दुसरी चावी

गेली तीन वर्षं आमच्या घरी तांदूळ विकत आणावा लागला नाही. समोरच्या फ्लॅटमधली मालिनी गायधनी दर पंधरा दिवसांनी गाडी काढून घोटीला जायची आणि इंद्रायणीची गोण घेऊन यायची. घरात माणसं दोन, त्यातल्या एकाला डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलेला. मग तो तांदूळ जायचा कुठे? माझ्याकडे, वॉचमनकडे, खालच्या मजल्यावरच्या तेजलकडे. तेजलचा नवरा एकदा म्हणाला, "काकू तांदळाचं दुकान काढणार की काय?" मी म्हटलं, "तू आपला गप भात खा."

मला सगळं ठाऊक होतं ना! तांदूळ हे नुसतं निमित्त होतं.

तिचे यजमान शामसुंदर भाऊजी पाटबंधारे खात्यात होते. निवृत्त होताना त्यांनी विटकरी रंगाची एक उंच गाडी घेतली. ती चालवायचे तेच. मालिनी शेजारी मांडीवर डबा आणि पाण्याची बाटली घेऊन बसायची. मग भाऊजींची बायपास झाली. ऑपरेशन छान झालं, डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, काही होत नाही. पण माणसाचा धीरच सुटला. गेटच्या बाहेर पाऊल टाकेनात आणि मालिनीला नजरेआड होऊ देईनात. ती अंघोळीला गेली आणि जरा उशीर झाला की "मालिनी!" अशी हाक. माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते ती. वाईट नाहीत हो भाऊजी. घाबरलेत. पण दिवसभर दुसऱ्याची भीती सांभाळायची म्हणजे काय असतं, ते मी समोरच्या दारातून रोज बघते.

त्यांना दवाखान्यात न्यायला कुणीतरी हवं, म्हणून मालिनी सत्तावन्नाव्या वर्षी गाडी शिकली. शिकवणाऱ्याला घाम फोडला तिने. आमच्या पार्किंगच्या खांबावर अजून विटकरी रंगाचा ओरखडा आहे. पण शिकली, आणि मग तांदूळ आणायला घोटीला जायला लागली. घरच्या कामाला म्हटलं की भाऊजी तेवढं सोडायचे.

एकदा मलाही घेऊन गेली. घोटी मागे टाकून वैतरणा धरणाच्या रस्त्याला तिने एका जांभळाखाली गाडी थांबवली. काचा खाली केल्या, सीट मागे पाडलं, चपला काढल्या, केसांचा चाप काढून डॅशबोर्डवरच्या गणपतीशेजारी ठेवला. मला म्हणाली, "योगिनी, आता बोलायचं नाही हं." मला! बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला! पण तिच्याकडे बघून गप्प बसले. तासाभराने तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "इथे कुणी हाक मारत नाही गं." मग आम्ही तांदूळ घेतला आणि घरी आलो. एवढंच. ना कुणाला भेटणं, ना काही लपवाछपवी. एक तास, एक झाड आणि ती गाडी.

आणि एका शनिवारी तिचा मुलगा आल्हाद पुण्याहून आला आणि म्हणाला, "आई, सरप्राइज! जुनी एक्स्चेंजला देतोय. नवीन बुक केली."

नवीन म्हणजे काय, तर तसलीच. शोरूमचा मनोज गाडी तपासायला घरी आला होता. तो सारखं "काकू, एका क्रॉसओव्हरमधून दुसऱ्या क्रॉसओव्हरमध्ये" म्हणत होता. मी विचारलं, म्हणजे काय रे बाबा? तर म्हणे, कारसारखी चालते, जीपसारखी दिसते. म्हटलं, मग जुनी काय बैलगाडीसारखी दिसते? मालिनी हळूच म्हणाली, "आल्हाद, मला हीच बरी आहे रे." तर तो म्हणाला, "अगं, हिला एअरबॅग दोनच! नवीनला सहा आहेत, सगळीकडे कॅमेरे आहेत, गिअरची कटकट नाही. तुझ्यासाठीच घेतोय ना!"

आता ह्यावर काय बोलणार? रात्री मालिनी मला म्हणाली, "लोकांची मुलं विचारत नाहीत, माझा गाडी देतोय. नाही कुठल्या तोंडाने म्हणू?"

पण जाताना मनोज एक वाक्य टाकून गेला होता. "दोन्ही चाव्या लागतील हं काकू, नाहीतर अडतं." मालिनीने ते नेमकं धरलं. दुसरी चावी उचलली आणि तांदळाच्या डब्यात अगदी तळाशी खुपसली. मला सांगताना लहान मुलीसारखी हसत होती. मीही हसले. आम्हा दोन म्हाताऱ्यांना वाटलं, जमलं!

शोरूम मुंबई-आग्रा हायवेला. आल्हाद, सून अपूर्वा, भाऊजी आणि नारळ वाढवायला मी, अशी वरात निघाली. दवाखाना सोडला तर भाऊजी कितीतरी महिन्यांनी गेटबाहेर पडले होते, मालिनीचा हात घट्ट धरून. मनोजने चाव्या मागितल्या. मालिनीने एक पुढे केली आणि म्हणाली, "दुसरी हरवली."

मला वाटलं, आता अडेल. कसलं काय! "होतं असं काकू. किंमत जराशी कमी होईल, बस," मनोज म्हणाला. आल्हाद लगेच म्हणाला, "चालेल."

झालं! इतकंच असतं तरी ठीक होतं. पण आल्हाद आईकडे बघायला लागला. फार मायेने बघत होता, तेच वाईट. म्हणाला, "आई, मागच्या महिन्यात गॅसही चालू राहिला होता ना?"

गॅस भाऊजींनी चालू ठेवला होता. चहा करायला गेले आणि विसरले. त्यांना कुणी बोलू नये म्हणून मालिनीने तो स्वतःवर घेतला होता. आता तिने तोंड उघडलं, भाऊजींकडे पाहिलं. ते खाली मान घालून बसले होते. तिने तोंड मिटलं. अपूर्वाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे हो आई, या वयात होतं." मी बोलणारच होते, माझ्या जिभेवर आलं होतं, तर मालिनीने मला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ होता. खरं सांगावं तर ती खोटारडी ठरणार. गप्प बसावं तर विसरभोळी. ती गप्प बसली.

मग लाल साटीनचं कापड ओढलं, केक कापला, दारापेक्षा मोठी पुठ्ठ्याची चावी हातात देऊन सगळ्यांचा फोटो काढला. मी नारळ वाढवला, चाकांखाली लिंबं ठेवली. तेवढ्यात जुनी गाडी कुणीतरी मागे नेली. तिच्यातला गणपती आणि मालिनीचा केसांचा चाप एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या हातात दिला. फोटोत मालिनी हसते आहे. माझ्या मोबाइलवर आहे तो, पण मी उघडत नाही.

आणि तिथेच सोफ्यावर बसून आल्हादने गाडी स्वतःच्या मोबाइलला जोडली. मग भाऊजींच्याही. गाडी कुठे आहे, कधी थांबली, दार कधी उघडलं, सगळं दिसतं म्हणे. "आधी लावणार नव्हतो," तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "पण मावशी, आता आईचं बघताय ना तुम्ही." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण तोंड तर तिनेच बंद केलं होतं माझं.

पुढच्या पंधरवड्याला ती घोटीला गेली. जांभळाखाली गाडी थांबवून चपला काढते न काढते तोच भाऊजींचा फोन. "मालिनी, का थांबलीस? तिथे तर नकाशात काहीच नाही!" तो ठेवला की पुण्याहून. "आई, रस्ता चुकलीस का? घाबरू नकोस, मी सांगतो तसं वळ." मुलाने सांगितलं तशी ती वळली आणि तांदूळ न घेता घरी आली. आल्हाद म्हणाला, एवढ्या लांब जाऊच नकोस, घोटीचाच इंद्रायणी मी ऑनलाइन पाठवतो. पाठवतोही बिचारा, दर महिन्याला, न चुकता.

परवा दुपारी मी लाइटबिल भरून परत येत होते, तर पार्किंगमध्ये नव्या गाडीत कुणीतरी दिसलं. मालिनी. काचा बंद, समोर पाण्याच्या टाकीची भिंत, सीट मागे पाडलेलं. मी दार उघडून शेजारी बसले.

"गाडी हलली नाही की ठिपका घरीच दिसतो," ती म्हणाली. "ह्यांना वाटतं, मी तेजलकडे आहे."

तिच्या मुठीत ती चावी होती. विटकरी गाडीची. ती गाडी मालेगावला विकली गेली म्हणे. आता कुणाच्या दारात उभी असेल, कोण जाणे.

"अगं, दाखव ना त्याला," मी चिडून म्हटलं. "म्हणावं, हरवली नव्हती, डोकं ठिकाणावर आहे माझं!"

"आणि मग लपवली कशाला, असं विचारलं तर? बाबांपासून एक तास लांब बसता यावं म्हणून, असं सांगू पोराला?"

मीही माझं सीट मागे पाडलं. घामाने पाठ चिकटली होती, पण तिने डोळे मिटले होते, म्हणून मी हलले नाही.

एकाएकी टक्कन आवाज झाला. चारही दारांची कुलपं लागली. समोरचे दिवे पेटले, गाडी आपोआप सुरू झाली आणि तोंडावर गार वारा यायला लागला. मी किंचाळलेच! मालिनीने चावी पटकन पर्समध्ये टाकली. फोन वाजला.

"आई, गाडीत बसलीयेस ना?" आल्हादचा आवाज इतका आनंदात होता! "दार उघडलेलं दिसलं मला. म्हटलं, आईला उकडत असेल. इथून, पुण्यातून लावला बघ एसी! कसं वाटतंय?"

वरच्या गॅलरीतून हाक आली, "मालिनी!"

"छान गार वाटतंय रे बाळा," ती म्हणाली, आणि वाकून सीटखाली चपला शोधायला लागली.