बिनशिक्क्याचे फोटो

बोईसरमधल्या ज्या स्टुडिओत मी फोटो दुरुस्त करते, त्याच्या मालकिणीला सगळे काकू म्हणतात. त्या मूळच्या जळगावकडच्या. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे इकडे आल्या आणि कामगारांच्या गेटपासचे फोटो काढत काढत लग्नांपर्यंत पोचल्या. मी कमी बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची. गिऱ्हाइकाशी मराठीत वाद घालायची वेळ आली की मी आधी मनात वाक्य जुळवते, तोवर समोरचा जिंकलेला असतो.

काकूंची एक पद्धत मला पहिल्या दिवसापासून आवडते. कुठल्याही लग्नात त्या घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस शोधतात, मांडवाबाहेर उजेडात खुर्ची टाकून बसवतात आणि कुणी सांगितलेलं नसताना त्याचा एकट्याचा फोटो काढतात. घाई नाही. आधी गप्पा, मग पदर नाहीतर टोपी सारखी करणं, मग कॅमेरा. तो फोटो मोबाइलवर कधी पाठवत नाहीत. कागदावर छापून स्वतः नेऊन देतात. बाकीचे मात्र अल्बमच्या निवडीसाठी पाठवावे लागतात, लहान करून, मधोमध स्टुडिओच्या नावाचा शिक्का मारून. शिक्का काढला की फोटो गावाचा, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

मनोरच्या अलीकडच्या एका पाड्यावर लग्न झालं. चार दिवसांनी नवऱ्या मुलाच्या बहिणीचा फोन आला. "ताई, एवढं नाव कशाला मारलंय? नवरीच्या तोंडावरच आलंय. बिनशिक्क्याचे पाठव ना, नुसते बघायला."

मी वाक्य जुळवत राहिले. शेवटी तोंडातून "ओके" निघालं आणि मी निवडीचे सगळे मूळ फोटो पाठवून दिले.

संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या पाड्याच्या स्टेटसला होते. दोन दिवसांनी नवऱ्या मुलाचा निरोप आला, अल्बम नको, फोटो मिळालेत. त्या महिन्यात स्टुडिओकडे तो एकच अल्बम होता.

मी काकूंना सगळं सांगितलं आणि मोबाइल पुढे केला. त्यांनी निरोप वाचला, चष्मा काढला.

"नाही म्हणता येत नाही का गं तुला?"

"मराठीत पटकन येत नाही."

"मग इंग्रजीत म्हणायचं. त्यानेच अर्धी घाबरली असती ती." मग त्यांनी टेबलावरचं पाकीट उचलून माझ्या हातात दिलं. "चल, त्या नवऱ्या मुलाच्या आजोबांचा फोटो द्यायचा राहिलाय."

"पण त्यांनी अल्बम रद्द केलाय."

"म्हाताऱ्याने केलाय का?"

स्कूटरवर त्यांच्या मागे बसून मी पाड्यावर गेले. नवरा मुलगा आमच्याकडे बघेना. बहिणीने पाणी आणलं. आजोबा ओट्यावर बसले होते. काकूंनी मला खुणावलं, मी पाकीट दिलं. आजोबांनी फोटो आधी जवळ धरला, मग हात लांब करून.

"ह्यो मी?"

"तुम्हीच," काकू म्हणाल्या. "टोपी वाकडी होती, मी सरळ केली. आठवतंय का?"

"आजा, तुजे फोटू हायेत की मोबाइलवर," बहीण म्हणाली. "दावले नाय का तुला?"

"मोबाइल तुजा. त्यातला फोटू पन तुजा. माजा ह्यो हाय."

तिला तो फोटो फारच आवडला असावा. तिने मोबाइल काढून त्याच्यावर धरला, तशी आजोबांनी कागदावरच्या आपल्या चेहऱ्यावर पंजा ठेवला. "नाय. ह्यो नाय द्याचा."

सगळे हसले. मी त्या पंजाकडे बघत होते. किती सोपं होतं त्यांचं नाही.

नवरा मुलगा जवळ आला. पंजा बाजूला होईपर्यंत थांबला, फोटो नीट पाहिला. "काकू, आमचा अल्बम अजून होईल का?"

"मला काय विचारतोस? अल्बम ही करते."

सगळे माझ्याकडे वळले. मी वाक्य जुळवायला घेतलं आणि मधेच सोडून दिलं.

"होईल." मी बहिणीकडे बोट केलं. "पण हिच्या लग्नात बिनशिक्क्याचा एकही फोटो पाठवणार नाही."

"बरं बाय, वरडतंस कशाला!" बहीण म्हणाली.

मी ओरडले नव्हते. निदान मला तसं वाटलं नव्हतं. काकू मात्र परतताना बोईसरपर्यंत हसत होत्या. त्यांच्या मागे बसल्यामुळे मला त्यांचे हलणारे खांदे दिसत होते.