कल्याणला सापडलेला जबडा

वडीगोद्रीचा कल्याण आधी गॅरेजात, मग वीटभट्टीवर आणि शेवटी सासऱ्याच्या शेतात राबत आला. सासऱ्याच्याच घरी राहतो म्हणून गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे, 'घरजावई' म्हणत. या हिवाळ्यात गोदाकाठी जीवाश्म शोधणाऱ्यांचा कॅम्प पडला आणि तो तिथं खोदकामाला लागला. कॅम्पचे प्रमुख गिरिधर सर म्हणाले होते, "ज्याला अख्खा जबडा सापडेल, त्याला मी संग्रहालयात कामाला लावतो."

हे त्यानं बायकोला, दैवशालाला सांगितलं. ती म्हणाली, "मंग आपली वेगळी खोली होईल."

कॅम्पात मजा होती. सकाळी नदीत आंघोळ, दुपारी भाकरी-ठेचा, संध्याकाळी तंबूपुढं वांगी भाजता भाजता पत्त्यांचा डाव. कल्याण मात्र मातीवर ब्रश फिरवायचा तो लेकराचं तोंड पुसावं तसा. निखिल आणि जान्हवी या विद्यार्थ्यांना त्याचं भारी हसू यायचं. त्यांनी ओढ्यातून मेलेल्या म्हशीचा जबडा आणला, जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात उकळला आणि त्याच्या खड्ड्यात पुरून ठेवला.

कल्याणला तो सापडला. नांगराला मूर्ती लागली की करतात तसं त्यानं नारळ फोडला, हाडाला हळदकुंकू वाहिलं आणि गाडीवर बसवून सासऱ्याला, धर्मराजांना, घेऊन आला. धर्मराजांनी वाकून दात पाहिले.

"जावईबापू, म्हैस हाये ही. असल्या दातांनी आमच्याच गोठ्यातला कडबा खाल्लाय."

कॅम्प लोळून हसला. सरही हसले.

"आता लेकीला काय सांगू? नोकरी म्हशीनं खाल्ली?" धर्मराज म्हणाले आणि चालत परत गेले. नारळाचं खोबरं रात्री मटणाच्या रश्श्यात पडलं.

दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यात, आणखी हातभर खाली, आडव्या कंगोऱ्यांचा भला मोठा दात दिसला. त्यामागं जबडा. कल्याणनं ब्रश खाली ठेवला.

"आज हत्ती का, निखिलभाऊ?"

जान्हवी पळत आली. "कल्याणभाऊ, थांबा! हा खरा आहे!"

"कालचा बी खराच होता की, ताई."

त्यानं टिकाव घातला. पुन्हा घातला. हाड खडूसारखं फुटलं. कुणीच हसेना, तेव्हा त्यानं वर पाहिलं.

सर आले. तुकडे बघून खालीच बसले.

"सर, मला वाटलं, कालच्यासारखंच..."

"काल चेष्टा होती. आज काम होतं. एवढंही कळत नाही तुला? उद्यापासून येऊ नको. आणि जायच्या आधी एकूण एक तुकडा वेच."

कल्याण माती चाळत बसला. हाडाच्या कपच्या निघतील तशा चादरीवर मांडू लागला. उन्हं कलली तसा जबड्याचा आकार दिसायला लागला. दाताचा एक तुकडा त्यानं जागेवर बसवला आणि सरकू नये म्हणून तसाच धरून ठेवला.

निखिल कॅमेरा घेऊन आला.

"कल्याणभाऊ, हात काढा. फोटोत येताहेत."