भोंग्याची सुट्टीतली ड्युटी

माझ्या धाकट्या भावाला घरात आणि शाळेतही सगळे भोंगा म्हणतात. तो शाळेची बस चालवतो आणि बसच्या हॉर्नपेक्षा त्याचा आवाज मोठा आहे, म्हणून. शाळेतली पोरं त्याच्यावर जीव टाकतात. मागच्या बाकावर कोण कुणाला चिमटे काढतंय हे त्याला मान न वळवता कळतं. मग तो स्टिअरिंगवरून मुख्याध्यापकांच्या आवाजात असा दम भरतो की अख्खी बस हसून लोळते.

वर्षअखेरच्या सुट्टीत आम्ही सगळे त्याच्याकडे जमतो. त्याचं घर मोठं आहे अशातला भाग नाही. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात पाहुण्यांच्या बॅगा ठेवायला जागा नाही. पण भोंगा तिथे आहे ना. जेवणं झाली की आमचे हे पाय पसरून म्हणणार, हं, होऊ द्या सुरू. मग भोंगा मुख्याध्यापक करणार, गिअर अडकलेली बस करणार, माझ्या सासूबाई करणार. सासूबाई आमच्याबरोबर येत नाहीत, ते एक बरं आहे.

गेली काही वर्षं मात्र त्याला सुट्टीतही ड्युटी लागत होती. शाळेची बस सहलींना भाड्याने देतात, असं भावजय सांगायची. सकाळी तो इस्त्रीचा ड्रेस घालून, डबा घेऊन निघायचा. संध्याकाळी आल्या आल्या दोन नकला करायचा आणि डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन दार लावून घ्यायचा. मला शाळेचा राग यायचा. माणसाला सुट्टीतसुद्धा बहिणीजवळ बसू देत नाहीत म्हणजे काय? एकदा तर मी शाळेत फोन करून चांगलं सुनावणार होते. भावजयीने हात धरला. त्यांच्या नोकरीवर येईल, म्हणाली. ते मला पटलं आणि मी गप्प बसले.

यंदा तो सकाळी निघून गेल्यावर मी तोंड धुवायला गेले, तर बेसिनच्या कडेला त्याचा चष्मा. चष्म्याशिवाय त्याला समोरचा ट्रक दिसत नाही, आणि हा लोकांची पोरंबाळं भरून सहलीला निघालाय. मी चपला घालता घालता भावजयीला हाक मारली. ती भांडी विसळत होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

“राहू द्या ताई,” ती म्हणाली. “त्यांना नाही लागणार.”

बस चालवणाऱ्याला चष्मा लागणार नाही. चपला तशाच टाकून मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिने नळ बंद केला, ओल्या हातांनीच स्टुलावर बसली, आणि मग सगळं बाहेर आलं.

सहली-बिहली काही नाहीत. शाळा बंद, बस आवारात उभी, आणि हा रोज तिथे जाऊन बसतो. शाळा चालू असली की तो कसंबसं निभावून नेतो, कारण पोरं स्टॉपवर उभी असतात, उठावंच लागतं. सुट्टी लागली की त्याला उठवणारं काही उरत नाही आणि तो आतल्या आत खचत जातो. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलंय, गोळ्या चालू आहेत. मग आम्हाला का नाही सांगितलं, मी विचारलं. तर त्यानेच शपथ घातली होती. ताई वर्षातून एकदा येते, तिला हसतं घर दिसलं पाहिजे. म्हणून ही रोज ड्रेसला इस्त्री करणार आणि तो डबा उचलून बाहेर पडणार. नवरा-बायकोने मिळून एवढं नाटक रचलं, आणि प्रेक्षक कोण, तर मी.

मला राग आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की मी चालायला लागते. चष्मा रुमालात गुंडाळून मी शाळेचा रस्ता धरला. रस्त्यावर सुट्टीची गर्दी उसळली होती. दुकानांना भरदिवसा दिव्यांच्या माळा, जो तो पिशव्या सावरत खूश असल्यासारखा चाललेला. मला त्या सगळ्यांचाच वैताग आला.

फाटकावरच्या वॉचमनने मला अडवलं नाही. तुम्ही बहीण ना, चेहऱ्यावरून कळतं, म्हणाला, बरं झालं आलात. माणसाचा कुणाला त्रास नाही, पण डबा स्वतः खात नाही, आवारातल्या कुत्र्याला घालतो. कुत्र्याने या सुट्टीत चांगलं बाळसं धरलंय, हेही त्याने सांगितलं.

भोंगा ड्रायव्हरच्या सीटवर नव्हता. पार मागच्या बाजूला, खिडकीला डोकं टेकून बसला होता. गाडी आतून लख्ख होती. पोरांनी बाकांखाली चिकटवलेलं च्युइंगगमसुद्धा खरवडून काढलेलं. पुढच्या बाकांचं फाटकं रेक्झिन नीट शिवलं होतं. मधल्या एका बाकावर टाके निम्म्यात थांबले होते आणि सुई तशीच खोचलेली होती.

येताना मी ठरवलं होतं, चांगली खरडपट्टी काढायची. पण शेजारी बसले आणि नुसता चष्मा पुढे केला. त्याने तो घातला, माझ्याकडे बघितलं आणि लगेच चेहऱ्यावर हसू आणायच्या तयारीला लागला. गाल हलले, ओठ हलले. ते मला बघवेना.

“नको,” मी म्हणाले. “माझ्यासाठी नको.”

हसू जसं आलं तसं गेलं.

“ताई, मी काहीच करत नाही आणि तरी दमतो,” तो म्हणाला. “तुम्ही सगळे बसलेले असता ना, तेव्हा एकेक शब्द पोत्यासारखा उचलावा लागतो. आणि नाही उचलला, तर तुम्ही विचारणार, आज भोंगा का बंद?”

तो अगदी शेजारी होता, तरी ऐकायला मला वाकावं लागत होतं. आडून आडून बोलणं मला जमत नाही. मी सरळ विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का. मागच्या वर्षी यायचं, तो म्हणाला, यंदा नाही, यंदा नुसता शीण आहे. डॉक्टरांकडे याच आठवड्यात जायचं होतं, पण आम्ही येणार म्हणून पुढे ढकललं. म्हणजे आमची सरबराई आधी आणि याचं औषधपाणी मागून. मी म्हटलं, उद्या सकाळी मी घेऊन जाते तुला, आणि आत्ता घरी चल.

“घरी येऊन काय करू?”

“झोप. हसू नको, बोलू नको. आमच्यासमोर आजारी पड.”

त्याने चष्मा नाकावर सारखा केला. मग म्हणाला, “भाऊजींना काय सांगशील?” एवढ्या मोठ्या गाडीचा ड्रायव्हर, आणि त्याला धास्ती कशाची, तर जेवणानंतर पाय पसरून बसणाऱ्या माझ्या नवऱ्याची. मला भडभडून आलं. मी त्याचा डबा उचलला आणि पुढे झाले. तो मागून आला.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. भोंगा आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून पडलेला. आमच्या ह्यांनी पहिला घास घ्यायच्या आतच विचारलं, कलाकार कुठे आहेत? भावजयीचा वाढता हात थांबला. ‘त्यांचं डोकं दुखतंय’ हे नेहमीचं कारण तिच्या ओठांवर आलंच होतं.

“त्याला बरं नाही,” मी म्हणाले. “ताप नाही, सर्दी नाही. मन बरं नाही. औषध चालू आहे. त्याला कुणी उठवायचं नाही, आणि नकला होणार नाहीत.”

आमचे हे म्हणजे प्रत्येक गोष्टीवर मत असलेले गृहस्थ. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि इतक्या हळू ‘बरं’ म्हणाले की मला नवल वाटलं. उठून त्यांनी आतल्या खोलीचं दार अलगद लोटून घेतलं. मग आम्ही सगळे कुजबुजत जेवायला लागलो. पाणीसुद्धा खुणेने मागत होतो. चमचा खाली पडला तर सगळ्यांनी माना वर केल्या.

थोड्या वेळाने आतून हाक आली. मी गेले. तो कूस न बदलता तसाच पडून होता.

“दार उघडं ठेव,” तो म्हणाला. “आणि कुजबुजू नका. मी गेलेलो नाही अजून.”

मी दार सताड उघडलं. बाहेर ते सगळ्यांना ऐकू गेलंच होतं. आमच्या ह्यांनी घसा खाकरला आणि त्यांच्या ऑफिसातल्या पंख्याची गोष्ट काढली. ती आम्ही दरवर्षी ऐकतो आणि तिच्यात हसण्यासारखं काही नाही. आतून हसू आलं नाही. तरी त्यांनी ती शेवटपर्यंत सांगितली, मोठ्याने.

सकाळी ड्रेस हँगरवर तसाच लटकत होता, इस्त्री न केलेला. डॉक्टरांची वेळ व्हायला अवकाश होता. भोंगा बनियनवरच बाहेर आला, आमच्यामध्ये जागा करून बसला. चहा अर्धा टाकला. कुणाशी एक शब्द बोलला नाही, आणि कुणी त्याला बोल म्हटलंही नाही. कितीतरी वर्षांनी माझा भाऊ सुट्टीत घरी होता.