डाव्या बाजूची दोन चाकं

बिरुदेव गावडे पहिल्यांदा लक्षात आला तो एका वरातीत. विजापूर रस्त्यावरच्या मंगल कार्यालयापासून वरात निघाली होती. पुढे बँजो पार्टी, मागे काळी डुक्कर फियाट आणि तिच्यात नवरा-नवरी. सगळे नाचण्यात गुंग होते. गाडी चालवणारा माणूस मात्र वरात थांबली की खाली उतरायचा, खिशातून पिवळं फडकं काढायचा आणि पोरांनी बॉनेटवर उमटवलेले हात पुसायचा. कुणावर डाफरायचा नाही. पुसून झालं की पुन्हा आत जाऊन बसायचा. पाऊण तासात त्यानं हे नऊ वेळा केलं.

त्या मॉडेलचं फुगीर अंग आणि पुढं आलेलं नाक पाहून लोकांनी तिला फार पूर्वीच डुक्कर हे नाव देऊन टाकलं. बिरुदेवला त्या नावाचा राग नाही, तो स्वतःही तेच म्हणतो. गाडी सत्तावन्न सालची. त्याचे वडील आप्पा सांगोल्याकडची मेंढरं भावाच्या हवाली करून सोलापुरात आले, गाडी शिकले आणि एका गिरणीमालकाकडे ड्रायव्हर म्हणून लागले. ही फियाट त्यांनी कोरी असताना हातात घेतली. रोज दोनदा ती पुसायची, सकाळी शेठ बाहेर पडण्याआधी आणि संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाल्यावर. पुढं शेठ गाव सोडून गेले, जाताना गाडी आप्पांना देऊन गेले. गाडी घरची झाली तरी आप्पांचं दोनदा पुसणं काही सुटलं नाही. बिरुदेवनं होटगी रस्त्यावर गॅरेज टाकलं आणि दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करून तो संध्याकाळी ही पुसू लागला.

गेल्या वर्षी शेठच्याच, आता बंद पडलेल्या गिरणीत सिनेमाचं चित्रीकरण ठरलं. गोष्ट अठ्ठावन्न सालची. एक टोळी गिरणीमालकावर पाळत ठेवते आणि शेवटी फाटकातच त्याचा खून करते. त्यासाठी मालकाची गाडी हवी होती. शोध घेत घेत कला विभागातली प्रियदर्शनी बिरुदेवच्या दारात आली. मुलगी मूळची मोडनिंबची, आता मुंबईत काम करणारी. तिनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, पुढचं दार उलटं उघडून पाहिलं, स्टेअरिंगजवळचा हँडलगिअर हलवून पाहिला आणि गाडी पसंत केली.

बिरुदेवला त्या दिवशी जेवण गोड लागलं. आप्पांची गाडी पडद्यावर दिसणार, तीही गिरणीच्या फाटकात, जिथं आप्पांनी ती वीस वर्षं उभी केली. चित्रीकरणाला चार दिवस होते. खंडेनवमीला करतो तसं त्यानं सगळं केलं. गाडी धुतली, मेण लावलं, दिव्यांच्या कडा चमकवल्या, चाकांच्या वाट्या काढून घासल्या. बायको श्रीदेवी म्हणाली, नवरीला एवढं नटवत नाहीत.

दोन दिवस आधी प्रियदर्शनी पुन्हा आली. गाडी एवढी चकचकीत तिला नको होती. मग तिनं समजावलं की आपण गाडीवर थोडी धूळ मारू, दोन ठिकाणी गंजाचा रंग देऊ, मागच्या मडगार्डला पोचा दाखवू. सगळा रंग धुऊन निघणारा आहे, गाडीला काही होणार नाही.

"ष्टोरी कुटल्या सालची म्हनला तुमी?" बिरुदेवनं विचारलं.

"अठ्ठावन्न."

"मग ही गाडी एका वर्साची हाय की त्यात. एका वर्साच्या गाडीला गंज कुटनं यील?"

ती म्हणाली, "काका, बघणाऱ्याला जुना काळ वाटायला हवा ना."

"बगनाऱ्याला वाटू द्या की. शेठला ती नवीच हाय. हिच्यावर धूळ दिसली असती तर माज्या बाची नोकरी गेली असती, ताई."

एवढं बोलून तो फडकं घडी करत राहिला. धूळ मारायची असेल तर गाडी मिळणार नाही, हे त्यानं तोंडानं सांगितलं नाही, पण त्याच्या घडी घालण्यातून ते तिला कळलं. तिनं पुन्हा एकदा गाडी पाहायला सुरुवात केली, या वेळी गुडघ्यावर बसून, खालून. पुढच्या डाव्या चाकापाशी ती थांबली.

"एवढं खरं पाहिजे ना तुम्हाला?" ती म्हणाली. "मग हे वाचा."

टायरच्या भिंतीवर ठसठशीत अक्षरांत रेडियल असं कोरलेलं होतं. अठ्ठावन्न साली हा टायर सोलापुरात कुठल्या दुकानात मिळायचा, असं तिनं विचारलं. खुनी याच चाकाआड दबा धरून बसणार होता आणि कॅमेरा त्याच्या बुटाएवढ्या उंचीवर असणार होता. अक्षरं खोडावीत तरी नक्षी दिसणारच.

बिरुदेवचे कान तापले. वरातींच्या सीझनमध्ये नवरदेवांना गचके बसतात म्हणून चार वर्षांपूर्वी त्यानंच चारही चाकांचे सरळ धारांचे जुने टायर काढून हे बसवले होते. लोकांना तो छातीवर हात ठेवून सांगायचा की या गाडीत एकही वस्तू चुकीच्या सालातली नाही. टायरकडं त्याचं लक्षच गेलं नव्हतं. पुसताना हात रोज त्यांच्यावरून फिरत होता.

प्रियदर्शनीनं त्याला वाकुल्या दाखवल्या नाहीत. तिनं सरळ सौदा केला. परवा सकाळी जुने टायर दिसले तर गाडीवर धुळीचा कण पडू देणार नाही, दिग्दर्शकाशी ती स्वतः भांडेल. नाही मिळाले तर चाकं चिखलानं लिंपावी लागतील, आणि चाकं चिखलात म्हणजे मग गाडीही चिखलात.

जुन्या चारपैकी दोन टायर फाटून गेले होते. उरलेले दोन कुठं आहेत हे बिरुदेवला पक्कं माहीत होतं. वळसंगच्या ज्ञानबाला त्यानंच ते एका भंगारातल्या फियाटच्या रिंगांवर चढवून दिले होते, शेळ्यांसाठी पाणी आणायच्या गाड्याला. रात्र पडायच्या आत तो आपल्या गाडीची डावीकडची दोन रेडियल चाकं काढून, भाड्याच्या टेम्पोत घालून वळसंगला पोचला.

ज्ञानबा पाण्याचा पिंप रिकामा करत होता. "बर्री, बर्री," असं कानडीत या-या म्हणत त्यानं बाज पुढं ओढली आणि सगळं ऐकून घेतल्यावर बायकोला हाक मारून सांगितलं, "ऐकलंस का बने, ह्याची गाडी शिनेमात चालली आन् चाकं आपल्या शेळ्यांची मागतोय."

बनाबाईला शेळ्यांची काळजी. सकाळी पाणी कशानं आणायचं? बिरुदेवनं टेम्पोतली चाकं दाखवली आणि तिथंच जॅकऐवजी दगड रचून अदलाबदल केली. बनाबाईनं पिंप भरून गाडा विहिरीपासून गोठ्यापर्यंत ओढून पाहिला, मग जा म्हणाली.

दुसरा दिवस त्या दोन चाकांत गेला. उन्हानं टायरच्या भिंतींना भेगा पडल्या होत्या आणि धारांमध्ये लेंड्या घट्ट बसल्या होत्या. एक वर्षाच्या गाडीला असे टायर कसे चालतील? बिरुदेवनं ते ब्रशनं घासले, भेगांत काळं बूटपॉलिश भरलं आणि वरून फडकं मारलं. खऱ्याचा एवढा आग्रह धरून शेवटी आपणही बूटपॉलिशवर आलो, याचं त्याला हसू आलं. श्रीदेवीलाही आलं. उजवीकडं रेडियलच राहिले. कॅमेरा डावीकडं असणार होता.

सकाळी गिरणीच्या फाटकात गाडी उभी राहिली. प्रियदर्शनीनं चाकांकडं पाहिलं, खाली बसून बोटानं टायर चोळला, बोट काळं झालेलं पाहिलं आणि ते आपल्या जीन्सला पुसलं. तेवढ्यात एक माणूस धुळीचा पंप घेऊन आला. ती उठून त्याच्या आडवी गेली.

"ह्या गाडीला नाही," ती म्हणाली. "ही नवीन आहे."

प्रसंगात गाडी शेवटी वीतभर पुढं सरकायची होती. मालकाच्या ड्रायव्हरचं काम करणाऱ्या नटाला हँडलगिअर जमेना, तेव्हा गाडी उजव्या बाजूनं लपून ढकलायचं बिरुदेवकडं आलं. तो गाडीआड ओणवा बसला. पलीकडं खून होत होता, माणसं धावत होती, आणि त्याच्या डोळ्यांसमोर होते उजवीकडचे दोन रेडियल टायर, अक्षरांसकट. इशारा झाला तसा त्यानं खांदा लावला. असं पाच वेळा झालं.

सिनेमा यंदा लागला. बिरुदेव आणि श्रीदेवी पहिल्या आठवड्यात जाऊन आले. गाडी जेमतेम दहा-बारा सेकंद दिसते. तिच्या काळ्या अंगात फाटकाचे गज स्पष्ट उमटलेले दिसतात, एवढी ती लखलखीत आहे. श्रीदेवीनं विचारलं, कसं वाटलं? टायर शोभले म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, आप्पांनी बगितली असती तर खोड काढली नसती.

रेडियल चाकं मात्र परत आली नाहीत. तो आणायला गेला तेव्हा बनाबाई गाडा एकटीच ओढत होती. पूर्वी दोघं लागायची. "लई हलकं वडतंय आता," ती म्हणाली, आणि बिरुदेव चहा पिऊन परतला. डावीकडं जुनी आणि उजवीकडं नवी चाकं घेऊन वरात काढता येत नाही, म्हणून यंदाच्या सीझनची सगळी बोलावणी त्यानं नाकारली. नवे टायर घ्यायला त्याचं मन होत नाही. उजव्या बाजूसाठी सरळ धारांचे दोन टायर तो शोधतो आहे, दुधनीच्या एका भंगारवाल्यानं बघतो म्हणून सांगितलं आहे. गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. तो ती आता रोज दोनदा पुसतो आणि होटगी रस्त्यावरच्या गॅरेजला सायकलनं जातो.